आकडे वाचणारा डॉक्टर

मुलांनो, जेवणापूर्वी हात धुवा, असे तुम्हांला घरी आणि शाळेत नेहमी सांगितले जाते. पण डॉक्टरांनीही हात धुवावेत, हे सांगणाऱ्या एका माणसाला फार सोसावे लागले. त्यांचे नाव इग्नाझ सेमेलवाईस.

त्यांचा जन्म १८१८ साली हंगेरीतील बुडा शहरी झाला. १८४६ साली ते व्हिएन्ना शहराच्या मोठ्या रुग्णालयात प्रसूती विभागात काम करू लागले. तेथे दोन कक्ष होते. पहिल्यात वैद्यकीय विद्यार्थी शिकत, दुसऱ्यात सुईणी. बाळंतज्वराने अनेक माता दगावत. पहिल्या कक्षात जायला स्त्रिया भीत आणि दुसऱ्या कक्षासाठी विनवण्या करीत.

सेमेलवाईस यांनी नोंदी तपासल्या. १८४६ मध्ये पहिल्या कक्षात ४०१० बाळंतपणे झाली; ४५९ माता मरण पावल्या. दुसऱ्यात ३७५४ पैकी १०५ मरण पावल्या. तुम्ही शेकडा प्रमाण काढून पाहा. पहिल्या कक्षात ते अकराहून अधिक, तर दुसऱ्यात तीनहूनही कमी येईल.

असे का? हवा वाईट म्हणावी, तर दोन्ही कक्ष शेजारीच होते. गर्दी म्हणावी, तर ती दुसऱ्या कक्षात अधिक असे. वाटेतच बाळंत होऊन आलेल्या स्त्रियांना तर हा ताप क्वचितच येई.

१८४७ साली त्यांचे मित्र डॉ. कोलेचका शवविच्छेदनाच्या वेळी सुरी लागून आजारी पडले आणि वारले. त्यांचा आजार बाळंतज्वरासारखाच होता. तेव्हा सेमेलवाईस यांना उलगडा झाला. डॉक्टर आणि विद्यार्थी शवे तपासून प्रसूती कक्षात येत. सुईणी शवविच्छेदन करीत नसत. म्हणजे बरे करणारे हातच मरण नेत होते. त्यांत आपलेही हात होते, हे त्यांनी मान्य केले.

मे १८४७ पासून त्यांनी क्लोरीनयुक्त चुन्याच्या पाण्याने हात धुण्याचा नियम केला. १८४८ मध्ये पहिल्या कक्षात ३५५६ पैकी फक्त ४५ माता दगावल्या.

तरीही अनेक मोठ्या डॉक्टरांना हे पटले नाही. स्वतःचा दोष मानणे त्यांना जड गेले. १८४९ साली सेमेलवाईस यांची नोकरी गेली. १८६५ साली मनोरुग्णालयात, जखम चिघळून त्यांचा मृत्यू झाला. त्यांचे म्हणणे खरे होते, हे जगाला पुढे पटले.

मुलांनो, ही गोष्ट वाचून रुग्णालयाला भिऊ नका. आज तेथे हात धुण्याचा नियम आहे, तो अशाच माणसांमुळे. मात्र रोगाचा किंवा औषधाचा एखादा आकडा ऐकला, की दोन प्रश्न जरूर विचारा : कितींपैकी किती? आणि दुसरीकडे किती?