मुहम्मद खान नियाझी

मुहम्मद खान नियाझी (मृत्यू : इ.स. १६२७) हे मोगल बादशहा अकबर आणि जहांगीर यांच्या सेवेतील अफगाण सरदार होते. बंगाल, सिंध आणि दख्खन या तिन्ही ठिकाणच्या मोहिमांत त्यांनी भाग घेतला. वऱ्हाडातील आष्टी, आमनेर, पवनार व तळेगाव हे परगणे त्यांना जहागिरीदाखल मिळाले होते. आष्टी (आता आष्टी शहीद) हे गाव आज वर्धा जिल्ह्यात तालुक्याचे ठिकाण आहे. त्यांची कबर तेथेच आहे.

पार्श्वभूमी

नियाझी ही अफगाणांची एक लढवय्यी जमात. सूर राजवटीत तिचा मोठा उत्कर्ष झाला. शेरशहाचा पंजाबमधील सुभेदार हैबतखान याच जमातीचा होता व त्यास आझम हुमायून असा किताब होता. मात्र इ.स. १५४५ मध्ये शेरशहा मृत्यू पावल्यावर हैबतखानाने त्याचा वारस इस्लामशहा याच्याविरुद्ध बंड केले. अंबाल्याजवळ त्याचा पराभव झाला. पुढे काश्मीरच्या डोंगराळ मुलखात तो व त्याचे बंधू मारले गेले आणि जमातीची दाणादाण उडाली. त्यानंतर ज्या नियाझींनी मोगलांची चाकरी पत्करली, त्यांच्यात मुहम्मद खान हे नाव पुढे आले.

बंगाल आणि सिंध

त्यांच्या कारकिर्दीचा आरंभीचा भाग बंगालमध्ये सेनापती शाहबाजखान याच्या हाताखाली गेला. ब्रह्मपुत्रेच्या परिसरातील लढायांत त्यांनी नाव मिळवले. हा सरदार आपल्याला सोडून जाऊ नये, म्हणून शाहबाजखान त्यांना वर्षाला एक लक्ष रुपये देत असे, असे सांगितले जाते. आकडा थोडा फुगवलेला असू शकेल; पण त्यांच्या तलवारीला किती मागणी होती, हे त्यावरून कळते.

यानंतर ते अब्दुर्रहीम खानखानान यांच्या सैन्यात दाखल झाले. हे खानखानान म्हणजे हिंदी दोह्यांमुळे शाळकरी मुलांनाही ठाऊक असलेले कवी रहीम. इ.स. १५९१ पासून चाललेल्या ठठ्ठ्याच्या मोहिमेत सिंधचा शासक मिर्झा जानी बेग याच्याशी लाखीजवळ लढाई झाली. शत्रूचे सैन्य संख्येने अधिक असूनही मुहम्मद खानांनी त्याचा निर्णायक पराभव केला. तेव्हापासून खानखानान त्यांना मित्र मानू लागले व हा स्नेहच त्यांना पुढे दख्खनेत घेऊन आला.

दख्खनेतील युद्धे

वऱ्हाडचे राज्य प्रथम इमादशाहीचे होते. इ.स. १५७४ मध्ये ते निजामशाहीत गेले आणि इ.स. १५९६ च्या तहाने चांदबिबीने ते मोगलांना दिले. एका पिढीच्या आत प्रजेने तीन राजवटी पाहिल्या. पुढे निजामशाहीचा वजीर मलिक अंबर याने गनिमी काव्याने मोगलांना बेजार केले, तेव्हा मुहम्मद खान मोगलांच्या अनुभवी सरदारांत गणले जात होते.

इ.स. १६१६ मध्ये खानखानानांचा मुलगा शाहनवाजखान याने जालन्याजवळील रोशनगाव येथे मलिक अंबराचा पराभव केला. मुहम्मद खानांसारख्या मुरब्बी योद्ध्यांनी जागा निवडताना पुढ्यात नाला राहील असे पाहिले होते. चालून आलेले घोडदळ चिखलात अडकले आणि पलीकडच्या काठावरून त्याच्यावर बाणांचा वर्षाव झाला. यानंतर मोगलांनी अंबराची राजधानी खडकी (नंतरचे औरंगाबाद) उद्ध्वस्त केली. त्या विजयाचा लाभ फार काळ टिकला नाही. अंबर पुन्हा सावरला आणि युद्ध पुढे चालूच राहिले. शाहजादा खुर्रम (नंतरचा शाहजहान) दख्खनेत आला, तेव्हाही मुहम्मद खान सेवेत होते.

मनसब आणि नाव

अकबराच्या काळी त्यांची मनसब पाचशेची होती, ती जहांगीरच्या काळी दोन हजारांवर गेली. त्या काळी मनसबीसोबत भारदस्त किताब मिळत असे आणि मूळ नाव मागे पडे. मुहम्मद खानांनी किताब नाकारला. आपले नाव पैगंबरांचे आहे, त्याहून थोर किताब कोणता असणार, अशी त्यांची भूमिका होती. किताब न घेणारे सरदार मोगल दरबारात अगदी थोडे होते. मिर्झा रुस्तम सफवी आणि अबुल हसन तुर्बती ही त्यांतील आणखी दोन नावे.

त्यांच्या तुकडीत सारे नियाझी अफगाण होते. शिपाई मृत्यू पावला तर त्याच्या मुलांना एक महिन्याचा पगार, आणि मूलबाळ नसल्यास वारसांना अर्ध्या महिन्याचा पगार ते देत. आज ही रक्कम क्षुल्लक वाटेल. पण शिपाई पडला की त्याच्या घराकडे कोणी फिरकत नसे, अशा काळातली ही गोष्ट आहे. ते अत्यंत धर्मपरायण होते व समकालीन लोक त्यांना वली, म्हणजे साधुपुरुष, मानत.

आष्टीची जहागीर

मोगल काळात जहागीर म्हणजे जमिनीची मालकी नव्हे. ठरावीक मुलखाचा महसूल पगारापोटी घेण्याचा तो हक्क होता. काही वर्षांनी जहागीर बदलून दुसरीकडे दिली जाई. जो आज आहे आणि उद्या नाही, त्याने रयतेची काळजी का वाहावी? बहुतेक जहागीरदार हाती येईल तेवढा वसूल करून निघून जात.

आष्टीचे वेगळेपण येथे आहे. जहांगीरने दिलेल्या या परगण्यांत मुहम्मद खानांनी आष्टी गाव पुन्हा वसवले आणि भोवतालचा मुलूख लागवडीखाली आणला. वर्धा नदीच्या खोऱ्यातील ही काळी जमीन कसदार आहे, पण पांढरी ओस पडली की काळी पडीकच राहते. दख्खनेत सैन्ये सतत फिरत असताना कुळांना आणून बसवणे हे लढाई जिंकण्याइतकेच अवघड काम होते. चार परगण्यांतील पवनार आज विनोबांच्या आश्रमामुळे ओळखले जाते. तेव्हा ते एका मोगल सरकारचे मुख्य ठाणे होते.

मृत्यू आणि कबर

हिजरी सन १०३७ मध्ये मुहम्मद खान वारले. जहांगीरचे निधन याच हिजरी वर्षी, ऑक्टोबर १६२७ मध्ये झाले. मलिक अंबर त्याआधी १६२६ मध्ये, तर खानखानान १६२७ मध्ये गेले होते. दख्खनच्या युद्धातील एक सबंध पिढी दोनेक वर्षांत संपली.

त्यांच्या मृत्यूचे वर्ष एका फारसी कालश्लेषात बांधलेले आहे. अरबी लिपीतील प्रत्येक अक्षराला अबजद पद्धतीने संख्यामूल्य असते. त्यांचे नाव, त्यापुढे संत या अर्थाचा शब्द आणि मृत्यूचे क्रियापद यांची बेरीज १०३७ येते. त्यांपैकी मुहम्मद या नावाचे ९२ होतात. दरबारी किताब त्यांनी घेतला नव्हता. संत हे बिरुद मात्र मृत्यूनंतर त्यांच्या नावाला जोडले गेले.

आष्टी येथे त्यांच्या कबरीवर मोगल शैलीतील देखणी वास्तू उभारण्यात आली. त्यांचे पुत्र अहमदखान यांनी जहागीर पुढे चालवली. ते हिजरी १०६१ (इ.स. १६५१) मध्ये वारले. त्यांची कबरही तशाच शैलीत, परंतु लहान आकाराची आहे. पितापुत्रांच्या या दोन वास्तू शेजारी शेजारी आहेत.

अहमदखानानंतर घराण्याचे वैभव ओसरत गेले आणि परगण्यांवरील हक्क इतरांकडे गेले. विसाव्या शतकाच्या आरंभी वंशजांकडे उदरनिर्वाहापुरती थोडी माफीची शेते तेवढी उरली होती.