हात तुटला, वळण टिकले

रमजानच्या महिन्यात घरोघरी कुरआनचे पठण चालते. अरबी न येणाऱ्यालाही त्या पानावरची एक गोष्ट जाणवते, ती म्हणजे अक्षरांचे वळण. प्रत छापील असली तरी ओळ बोरूने लिहिल्यासारखी दिसते. लग्नपत्रिकेच्या माथ्यावरचे बिस्मिल्ला असो वा संगणकावरचे नक्षीदार अरबी फॉन्ट, या वळणामागे हजार वर्षांपूर्वीच्या बगदादचे एक नाव आहे, इब्न मुकला.

इ.स. 886 च्या सुमारास बगदादमध्ये त्यांचा जन्म झाला. इराणच्या फार्स प्रांतात करवसुली करणारा हा कारकून 928 मध्ये अब्बासी खिलाफतीचा वजीर झाला. मुक्तदिर, काहिर आणि राझी अशा तीन खलिफांची वजिरी त्यांनी केली.

पण त्यांचे खरे काम कागदावरचे. त्यांनी अक्षराला माप दिले. बोरूचे टोक कागदावर टेकवले की चौकोनी टिंब उमटते. अलिफची उंची किती टिंबांची, हे त्यांनी ठरवले. अलिफ हा व्यास धरून वर्तुळ काढायचे आणि बाकीची अक्षरे त्या मापात बसवायची. बोरू जाड घेतला की टिंब मोठे होते आणि अक्षरही मोठे होते. प्रमाण मात्र तेच राहते. त्यामुळे पुस्तकाचे पान असो वा मशिदीची भिंत, अक्षराचा डौल बिघडत नाही.

दरबारात मात्र असे कोणतेच माप चालत नव्हते. खलिफा राझीच्या काळात खरी सत्ता सेनापती इब्न राइकच्या हाती गेली. त्याच्याविरुद्ध हालचाली केल्याच्या आरोपावरून इब्न मुकला यांचा उजवा हात तोडण्यात आला. ज्या हाताने कुरआन लिहिले, त्याला चोराची शिक्षा मिळाली, याचे दुःख त्यांना फार झाले, असे सांगतात. तरीही थोट्या हाताला बोरू बांधून ते लिहीत राहिले, असे जुने इतिहासकार नोंदवतात. पुढे त्यांची जीभही कापली गेली. 940 मध्ये कैदेतच त्यांचे निधन झाले.

त्यांच्याच हातचे म्हणून खात्रीने सांगता येईल असे एकही पान आज उरलेले नाही. पण त्यांची रीत शिष्यांच्या शिष्यांकडून इब्न अल बव्वाब यांच्यापर्यंत पोहोचली. त्यांनी बगदादमध्ये इ.स. 1000-01 च्या सुमारास लिहिलेली कुरआनची प्रत डब्लिनच्या चेस्टर बीटी ग्रंथालयात आहे. तेराव्या शतकात याकूत यांनी बोरूचे टोक तिरपे कापून त्या वळणाला आणखी नजाकत आणली.

आजही सुलेखन शिकणारा विद्यार्थी कित्ता गिरवताना अक्षराशेजारी टिंबे मांडतो, ती मोजतो, आणि अक्षर मापात बसले की मगच पुढचे घेतो.