कांदोळीचे आबे फारिया

शस्त्रक्रिया म्हटली की भूल आलीच, असे आज आपण धरून चालतो. परंतु १८४६ साली बोस्टन येथे ईथरचा जाहीर प्रयोग झाला, त्यापूर्वी चार धट्टेकट्टे गडी रोग्यास दाबून धरीत व वैद्य घाईघाईने हात चालवी. त्या काळोख्या दिवसांत निद्रेचे मर्म उकलू पाहणारा एक पुरुष आपल्या गोमंतकाचा होता, हे पुष्कळांस ठाऊक नसते.

जोझे कुस्तोदियु द फारिया यांचा जन्म ३१ मे १७५६ रोजी बार्देशातील कांदोळीस झाला. वडिलांचे घराणे कोलवाळचे. म्हणजे नदी ओलांडली की पेडणे. पेडणे आणि डिचोली हे महाल तेव्हा सावंतवाडीकर भोसले व पोर्तुगीज यांच्या ओढाताणीत होते. पोर्तुगीजांकडे ते कायमचे गेले १७८०च्या दशकात. घराणे मूळचे सारस्वत ब्राह्मणांचे, आणि बाटून पिढ्या लोटल्या तरी परदेशात फारिया आपले ब्राह्मणपण अभिमानाने सांगत.

आईबापांचे पटेना. आई जुन्या गोव्याच्या मठात जोगीण झाली, बाप पाद्री झाला. १७७१ साली बापलेक लिस्बनला निघाले. मुलाचे पुढचे शिक्षण रोमला झाले. १७८० साली तेथेच त्यास दीक्षा मिळाली.

लिस्बनच्या राजवाड्यातील प्रार्थनामंदिराची एक कथा गोव्यात घरोघर सांगतात. राणीसमोर प्रवचनास उभे राहताच फारियांची वाचाच बसली. तेव्हा समोरची सारी मंडळी भाजी समज आणि काप, असे बापाने हळूच कोकणीत सुचविले. लगेच वाणी मोकळी झाली. आम्हां गाणाऱ्यांच्या घरात ह्या कथेचे नवल वाटत नाही. भर दरबारात षड्ज लागेनासा झालेला गवई गुरूच्या एका नजरेने सावरतो, हे ऐकतच आम्ही वाढलो. ह्या एका शब्दाच्या सामर्थ्याचाच शोध फारियांनी पुढे घेतला, असे मानण्याचा मोह होतो.

१७८७ साली गोव्यात पिंटोंचा कट उघडकीस आला व संशयाची सावली लिस्बनमधील गोमंतकीय पाद्र्यांवरही पडली. १७८८ मध्ये फारिया पॅरिसला गेले. तेथे राज्यक्रांतीचा वणवा पेटला. १७९५च्या उठावात ते स्वतः एका तुकडीच्या अग्रभागी होते. पुढे मार्सेय व नीम येथे त्यांनी तत्त्वज्ञान शिकविले.

१८१३ साली पॅरिसला परतून त्यांनी क्लिशी रस्त्यावर पाच फ्रँक प्रवेशमूल्य ठेवून निद्रेचे जाहीर प्रयोग मांडले. मेस्मरचे अनुयायी म्हणत, प्रयोगकर्त्याच्या अंगातून एक अदृश्य द्रव वाहतो व त्याने माणूस झोपतो. फारियांनी हे साफ नाकारले. ते माणसास खुर्चीवर बसवीत, डोळे मिटून झोपेचाच विचार करावयास लावीत आणि मग एकदम झोपण्याची आज्ञा देत. शक्ती माझ्यात नाही, झोपणाराच्या चित्तात आहे, हे त्यांचे म्हणणे. (अशी माणसे पातळ रक्ताची असतात, ही त्यांची समजूत मात्र पुढे टिकली नाही.)

पण पॅरिसने त्यांस हसून घालविले. एका नटाने झोपेचे सोंग घेऊन भर सभेत त्यांची फजिती केली. १८१६ साली रंगभूमीवर त्यांच्यावर प्रहसन आले. पाद्री म्हणाले सैतानी विद्या, मेस्मरपंथी म्हणाले पाखंड. पोटासाठी त्यांनी एका मठात पौरोहित्य पत्करले, ग्रंथ लिहिला, आणि तो छापून निघाला त्याच वर्षी, २० सप्टेंबर १८१९ रोजी, त्यांचे निधन झाले. थडग्यावर नावही नव्हते.

पुढे हुगळीच्या इस्पितळात एस्डेल ह्या डॉक्टरने १८४५पासून अशाच निद्रेत मोठमोठ्या गाठी वेदनेविना कापल्या. गंमत ही की, त्याचा विश्वास त्या द्रवावरच होता! ईथर-क्लोरोफॉर्म येताच ही रीत मागे पडली. फ्रान्समध्ये नान्सीच्या बेर्नहाइमने पुढे फारियांचे श्रेय मान्य केले. बेल्जियममधील लिएज येथे तर १९९२पासून, जागेवरची भूल, थोडे गुंगीचे औषध आणि संमोहन यांच्या मेळाने गळ्यातील ग्रंथींच्या शस्त्रक्रिया होऊ लागल्या. रोगी शुद्धीवरच असतो.

पणजीस मांडवीकाठी, जुन्या सचिवालयाशेजारी, १९४५ साली उभारलेला फारियांचा पुतळा आहे. शिल्पकार रामचंद्र पांडुरंग कामत. समोर स्त्री कोसळते आहे आणि फारियांचे दोन्ही हात तिच्यावर पसरलेले आहेत, जणू त्या बोटांतूनच काही वाहत असावे.