‘डाकघर’ आणि वॉर्साचे डॉक्टर कोर्चाक

१८ जुलै १९४२ रोजी जर्मनव्याप्त वॉर्सा शहरात, भिंतीआड कोंडलेल्या ज्यूंच्या वस्तीत, एका अनाथालयातील मुलांनी रवींद्रनाथ टागोर यांचे ‘डाकघर’ हे नाटक सादर केले. आजारपणामुळे घराबाहेर पडू न शकणारा, खिडकीतून जग न्याहाळणारा आणि राजाच्या पत्राची वाट पाहणारा अमल त्या मुलांना परका वाटण्याचे कारण नव्हते. नाटकाची निवड अनाथालयाचे प्रमुख डॉ. यानुश कोर्चाक यांची होती. मृत्यूला शांतपणे सामोरे जाण्याचे बळ मुलांना मिळावे, असा हेतू त्यांनी सांगितल्याची नोंद आढळते.

कोर्चाक यांचे मूळ नाव हेन्रिक गोल्डश्मित. वॉर्सातील ज्यू कुटुंबात जन्मलेल्या या बालरोगतज्ज्ञाने लेखनासाठी घेतलेले टोपणनावच पुढे रूढ झाले. रुग्णालयातील काम सोडून १९१२ मध्ये त्यांनी क्रोखमाल्ना मार्गावरील नव्या अनाथालयाची जबाबदारी स्वीकारली. स्तेफानिया विल्चिन्स्का या त्यांच्या सहकारी अखेरपर्यंत त्यांच्यासोबत राहिल्या. संस्थेचा दैनंदिन कारभार प्रामुख्याने त्यांनीच सांभाळला, हे मात्र अनेकदा विसरले जाते.

या अनाथालयात मुलांचे स्वतःचे न्यायालय होते. न्यायाधीश मुलेच असत आणि शिक्षकांविरुद्धही तक्रार करता येई. स्वतः कोर्चाक यांनाही या न्यायालयापुढे उभे राहावे लागले होते. तेथील नियमावलीचा भर शिक्षेपेक्षा क्षमेवर होता. आपले म्हणणे ऐकले जाते आणि अन्यायाची दाद लागते, हा विश्वास अनाथ मुलाला अन्नाइतकाच आवश्यक आहे, अशी त्यांची धारणा होती. १९२६ मध्ये त्यांनी मुलांनीच लिहिलेले वृत्तपत्र एका दैनिकाची पुरवणी म्हणून सुरू केले. पोलिश नभोवाणीवर ते ‘म्हातारा डॉक्टर’ या नावाने बोलत. ज्यू असल्यामुळे त्यांचे खरे नाव श्रोत्यांना सांगितले जात नसे.

१९४० च्या अखेरीस अनाथालयाला बंदिस्त वस्तीत स्थलांतर करावे लागले. त्या वेळी जप्त झालेले बटाटे परत मागण्यासाठी कोर्चाक जर्मन अधिकाऱ्यांकडे गेले. ज्यूंना सक्तीची असलेली दंडावरील पट्टी त्यांनी बांधली नव्हती. त्यांना पाव्याक तुरुंगात डांबण्यात आले. सुटकेनंतर साठी ओलांडलेले, प्रकृती ढासळलेले डॉक्टर सुमारे २०० मुलांसाठी दारोदार अन्न व पैसा मागत फिरू लागले. बाहेर रस्त्यावर माणसे उपासमारीने मरत होती. आत मात्र मुलांच्या कामांच्या पाळ्या, अभ्यास, वाचन आणि ठरल्या दिवशी वजन करणे सुरू होते. वजनाचे आकडे समाधान देणारे नव्हतेच. पण दिवसाचा ठरलेला क्रम मोडला तर मुले भयाच्या हवाली होतील, हे ते जाणून होते.

त्याच १९४२ मध्ये भारतात जामनगरजवळ बालाचडी येथे पोलिश मुलांची एक छावणी उभी राहिली. सोव्हिएत संघातून आलेल्या या मुलांना जामसाहेब दिग्विजयसिंहजी यांनी आश्रय दिला होता. पुढील वर्षी कोल्हापूरजवळ वळिवडे येथेही पोलिश निर्वासितांची वसाहत सुरू झाली. वॉर्साच्या भिंतीआडील मुलांना मात्र असा मार्ग उरला नव्हता.

नाटकानंतर चौथ्याच दिवशी, २२ जुलैला, वस्तीतील लोकांना त्रेब्लिंका येथील मृत्युछावणीत पाठविण्यास प्रारंभ झाला. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात अनाथालयाची पाळी आली. वस्तीबाहेर पडून जीव वाचविण्याचे प्रस्ताव कोर्चाक यांना पूर्वीच आले होते. ते त्यांनी नाकारले. मुलांना रांगेत घेऊन ते आणि स्तेफानिया रेल्वेच्या फलाटापर्यंत चालत गेले. त्यांपैकी कोणीही परतले नाही.

मुलांच्या हक्कांविषयीच्या आंतरराष्ट्रीय कराराचा पहिला मसुदा १९७८ मध्ये पोलंडनेच संयुक्त राष्ट्रांपुढे मांडला. १९८९ मध्ये तो करार स्वीकारण्यात आला आणि १९९२ मध्ये भारतही त्यात सहभागी झाला. त्रेब्लिंका येथील स्मारकात सुमारे १७ हजार दगड आहेत. त्यांतील एकाच दगडावर व्यक्तीचे नाव कोरलेले आहे : यानुश कोर्चाक आणि मुले.