ओतूरहून आलेले पत्र

सावित्रीबाई फुले यांचे नाव आज महाराष्ट्रात सर्वतोमुखी आहे. २०१४ साली ते पुणे विद्यापीठालाही देण्यात आले. परंतु या गौरवात त्या बहुधा एकाच चित्रात बंदिस्त झालेल्या दिसतात : अंगावर शेणमाती झेलीत शाळेकडे निघालेली जोतीरावांची पत्नी. हे चित्र खोटे नाही; अपुरे मात्र निश्चितच आहे.

३ जानेवारी १८३१ रोजी नायगावच्या नेवसे पाटलांच्या घरी जन्मलेल्या सावित्रीबाई नवव्या वर्षी फुल्यांच्या घरी आल्या. जोतीरावांनी त्यांना शिकविले. १८४८ साली पुण्यात भिडेवाड्यात मुलींची शाळा निघाली. पुढे अस्पृश्यांच्या मुलांसाठी शाळा झाल्या. फातिमा शेख या त्यांच्या सहकारी शिक्षिका. 'काव्यफुले' हा संग्रह १८५४चा, म्हणजे त्यांच्या तेविसाव्या वर्षीचा.

सावित्रीबाईंचे स्वतंत्र व्यक्तित्व खरे दिसते ते त्यांनी जोतीरावांना लिहिलेल्या तीन पत्रांत. गारगोटीच्या डॉ. मा. गो. माळी यांनी संपादित केलेल्या समग्र वाङ्मयात ती १९८८ साली प्रसिद्ध झाली. जोतीरावांनी 'गुलामगिरी' हा ग्रंथ १८७३ मध्ये अमेरिकेत हबशी गुलामांच्या मुक्ततेसाठी झटलेल्या लोकांना अर्पण केला. त्याच्या पाच वर्षे आधी नायगावात एक ब्राह्मण तरुण आणि त्याच्यापासून गरोदर राहिलेली महार मुलगी यांच्या जिवावर गाव उठले होते. सावित्रीबाईंनी गावकऱ्यांना इंग्रजी कायद्याचा धाक घातला, दोघांना सोडविले आणि पुण्यास जोतीरावांकडे पाठविले. जात आणि स्त्रीत्व ही दोन ओझी एकाच देहावर कशी पडतात, हे त्यांना ग्रंथांतून शिकावे लागले नाही.

तिसरे पत्र २० एप्रिल १८७७चे, जुन्नर तालुक्यातील ओतूरहून लिहिलेले. दख्खनमधील सावकारविरोधी दंगे होऊन दोनच वर्षे लोटली होती आणि त्यावर दुष्काळ कोसळला होता. जनावरे मरत होती, माणसे गाव सोडून चालली होती. सरकार दुष्काळी कामांवरील मजुरीत काटकसर शोधत असताना या बाई मात्र सावकाराची पिळवणूक आणि उपासमार यांची सांगड घालून पाहत होत्या. अर्थशास्त्राच्या अभ्यासकाने हे पत्र मूळ साधन म्हणून वाचावे, इतके ते नेमके आहे. सत्यशोधक कार्यकर्त्यांना अटक झाली तेव्हा त्यांनी कलेक्टरलाच जाब विचारला. कार्यकर्ते सुटले, आणि ज्वारीच्या गाड्याही मिळाल्या.

२८ नोव्हेंबर १८९० रोजी जोतीराव गेले. अंत्ययात्रेत टिटवे सावित्रीबाईंनी स्वतः धरले. त्यानंतर सत्यशोधक समाजाची धुराही त्यांनी वाहिली. १८९३च्या सासवड परिषदेच्या अध्यक्षा त्याच होत्या. १८९७ मध्ये पुण्यात प्लेगने थैमान घातले. दत्तक पुत्र डॉ. यशवंत यांनी गावाबाहेर रुग्णांची सोय केली होती. मुंढव्याच्या महारवाड्यातील एका आजारी मुलाला सावित्रीबाईंनी पाठीवर घेऊन तेथे पोचविले. लागण त्यांनाही झाली. १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या.