फादर थॉमस स्टीफन्स : मराठीत पुराण रचणारा इंग्रज आणि येशूच्या भावांचा जुना वाद



२७ फेब्रुवारीला मराठी भाषा गौरव दिन आला की आपल्या परिपाठात फादर स्टीफन्स यांचे नाव हमखास येते. मोगरा, कस्तुरी, मोर, कल्पतरू यांच्या उपमा देऊन मराठीची थोरवी गाणाऱ्या त्यांच्या ओव्या मुले पाठ करतात. पण हा माणूस कोण होता, एवढ्या दूरच्या देशातून येऊन त्याने मराठीत पुराण का रचले, हे सांगायचे बहुतेक राहूनच जाते. आज त्यांचे चरित्र थोडक्यात पाहू. आणि त्या निमित्ताने एक नाजूक प्रश्नही समजून घेऊ. येशूला भाऊ होते का? ख्रिस्ती घरांतली मुले ज्या वर्गात आहेत तिथे हा प्रश्न कधीही येऊ शकतो. एक मूल हो म्हणेल, दुसरे नाही म्हणेल, आणि दोघेही आपापल्या घरी शिकलेलेच सांगत असतील.

बालपण आणि तरुणपण

थॉमस स्टीफन्स यांचा जन्म १५४९ च्या सुमारास इंग्लंडमधील विल्टशायर परगण्यात झाला. त्या काळात इंग्लंडमध्ये धर्मावरून मोठी उलथापालथ चालली होती. राजा आठवा हेन्री याने रोमच्या पोपशी संबंध तोडले होते. येशूची आई मरिया हिचे वॉल्सिंगहॅमचे तीर्थक्षेत्र फार प्रसिद्ध होते, आपल्याकडे लोक पायी वारीला जातात तसे लोक तिथे जात. १५३८ मध्ये ते मोडण्यात आले आणि तिथली मरियेची मूर्ती जाळण्यात आली. पुढे राणी एलिझाबेथच्या काळात तर कॅथलिक पद्धतीची उपासनाच कायद्याने बंद झाली.

स्टीफन्स कॅथलिक होते. म्हणजे मायदेशात आपल्या श्रद्धेप्रमाणे उघड प्रार्थना करण्याचीही सोय नव्हती. थॉमस पाउंड नावाच्या श्रीमंत मित्राबरोबर ते देश सोडायच्या विचारात होते, पण पाउंड पकडले गेले आणि त्यांची बरीच वर्षे तुरुंगात गेली. स्टीफन्स मात्र रोमला पोहोचले आणि १५७५ मध्ये जेझुईट संघात दाखल झाले.

गोव्यात आगमन

१५७९ च्या एप्रिलमध्ये ते लिस्बनहून जहाजात बसले आणि २४ ऑक्टोबरला गोव्यात उतरले. सहा महिन्यांहून जास्त दिवस समुद्रात! त्या प्रवासाचे वर्णन त्यांनी वडिलांना पत्रातून कळवले. भारतात येऊन राहिलेला पहिला इंग्रज म्हणून त्यांचे नाव घेतले जाते. त्यानंतरची जवळजवळ ४० वर्षे ते इथेच राहिले, मुख्यतः साष्टी भागात. मायदेशी परत कधीच गेले नाहीत.

मुलांना गोष्ट सांगताना एक बाजू लपवू नये असे मला वाटते. गोव्यात तेव्हा पोर्तुगीज सत्ता होती. १५६० पासून इन्क्विझिशन म्हणजे धर्मन्यायालय सुरू झाले होते. साष्टीतली देवळे १५६७ मध्ये पाडली गेली होती. लोकांच्या मनात राग होता. १५८३ मध्ये कुंकळ्ळी गावच्या लोकांनी पाच जेझुईट पाद्र्यांना ठार केले. त्यानंतर पोर्तुगीजांनी गावच्या पुढाऱ्यांना बोलावून घेऊन मारले. ज्या माणसाने स्वतःच्या देशात धर्मासाठी जाच पाहिला, तो इथे आला तेव्हा जाच करणारी सत्ता त्याच्याच पंथाची होती. हा विरोधाभास वरच्या वर्गातल्या मुलांना नक्की कळतो.

त्याच सुमारास आणखी एक घटना घडली. राल्फ फिच आणि त्याचे सोबती हे इंग्रज व्यापारी गोव्यात तुरुंगात पडले. ते ज्या इंग्लंडमधून आले होते तिथे स्टीफन्स यांच्या पंथाला जागा नव्हती. तरी त्यांना सोडवण्यासाठी स्टीफन्स यांनी खटपट केली.

क्रिस्तपुराण

स्टीफन्स मराठी आणि कोकणी दोन्ही शिकले. नुसते बोलण्यापुरते नाही, तर ओवी रचता येईल इतके. नव्याने ख्रिस्ती झालेल्या लोकांची एक अडचण होती. त्यांची जुनी पुराणे वाचायला बंदी आली, पण त्यांच्या जागी दुसरे काही मिळाले नाही. क्रिस्तपुराणाच्या सुरुवातीलाच श्रोत्यांकडून हा मुद्दा येतो, आमची पुराणे काढून घेतलीत तर आमच्यासाठी दुसरे काही का रचत नाही? स्टीफन्स यांचा ग्रंथ हे या मागणीचे उत्तर आहे.

१६१६ मध्ये रायतूर (राशोल) येथे क्रिस्तपुराण छापले गेले. त्यात जवळजवळ ११,००० ओव्या आहेत. त्याचे दोन भाग आहेत. पहिल्या पुराणात सृष्टीच्या उत्पत्तीपासून येशूच्या आधीपर्यंतच्या कथा, दुसऱ्या पुराणात मरिया आणि येशू यांची कथा. भाषा मराठी, त्यात कोकणी मिसळलेली. लिपी मात्र रोमन, कारण देवनागरी छपाईचे खिळे तयार नव्हते. ते तयार व्हावेत म्हणून स्टीफन्स यांनी १६०८ मध्ये रोमला पत्रही लिहिले होते. जोडाक्षरे धरून सुमारे ६०० खिळे लागतात, ते २०० वर आणता येतील असा त्यांचा हिशोब होता. पहिलीच्या मुलांना जोडाक्षरे शिकवणाऱ्या आपल्यासारख्यांना ही अडचण लगेच कळेल!

मरियेची कथा आणि मराठी श्रोता

ख्रिस्ती श्रद्धेप्रमाणे मरियेने कुमारी असताना, देवाच्या सामर्थ्याने येशूला जन्म दिला. एवढ्यावर जवळजवळ सर्व पंथांचे एकमत आहे. कॅथलिक पंथ त्यापुढे जाऊन म्हणतो की मरिया त्यानंतरही आयुष्यभर कुमारीच राहिली, योसेफाशी लग्न होऊनही. स्टीफन्स याच पंथाचे आणि त्यांच्या पुराणातली मरिया कुमारी माता आहे. गोव्याच्या कोकणी प्रार्थनांमध्ये तिला आजही आंकवार म्हणजे कुमारी म्हणतात.

हे साष्टीतल्या श्रोत्याला सांगणे सोपे होते की अवघड? विचार करून बघा. महाभारत ऐकलेल्या माणसाला कुंती माहीत असते. सूर्यापासून कर्ण झाला आणि वरामुळे तिचे कौमार्य कायम राहिले, ही कथा त्याने लहानपणापासून ऐकलेली. त्यामुळे चमत्कार त्याला परका नव्हता. फरक पुढे होता. कुंतीला लोकलाजेने बाळ नदीत सोडावे लागले. मरियेच्या कथेत ती आई आणि ते बाळ पूजेच्या जागी बसले.

सख्खे, सावत्र की मावसभाऊ?

आता त्या जुन्या वादाकडे येऊ. बायबलमध्ये मत्तय आणि मार्क यांच्या शुभवर्तमानात येशूच्या भावांची नावे येतात : याकोब, योसे, यहूदा आणि शिमोन. बहिणींचाही उल्लेख आहे. मग मरिया आयुष्यभर कुमारी कशी? या प्रश्नाची तीन उत्तरे दिली गेली. गंमत अशी की ती समजायला मराठीइतकी सोयीची भाषा नाही.

पहिले उत्तर, ते सख्खे भाऊ होते. चौथ्या शतकात रोममध्ये हेल्विडियस नावाच्या लेखकाने हे मांडले. आजचे बरेचसे प्रोटेस्टंट असेच मानतात. दुसरे उत्तर, ते सावत्र भाऊ होते, योसेफाच्या पहिल्या बायकोची मुले. पूर्वेकडील ऑर्थोडॉक्स चर्चमध्ये हे मत रुजले. तिसरे उत्तर, ते मावसभाऊ होते. हेल्विडियसला खोडून काढण्यासाठी संत जेरोम यांनी ३८३ च्या सुमारास हे मांडले, आणि पश्चिमेकडे कॅथलिक परंपरेत तेच चालत आले.

जेरोम यांचे म्हणणे असे की जुन्या करारात जवळच्या नातलगालाही भाऊ म्हटले आहे. लोट हा अब्राहामाचा पुतण्या, तरी त्याला भाऊ म्हटलेले आहे. विरोधकांचे म्हणणे असे की शुभवर्तमाने ग्रीक भाषेत आहेत आणि ग्रीकमध्ये चुलत-मावस भावासाठी वेगळा शब्द आहे, मग तो का वापरला नाही?

दुसरा वाद एका शब्दयोगी अव्ययाचा आहे. मत्तय लिहितो की पुत्र होईपर्यंत योसेफाने पत्नीशी संबंध ठेवला नाही. मग नंतर ठेवला असेल का? आपण म्हणतो, पाऊस थांबेपर्यंत आम्ही शाळेत थांबलो. म्हणजे नंतर निघालो. पण आपण असेही म्हणतो, तो मरेपर्यंत खोटे बोलला नाही. म्हणजे मेल्यावर बोलला असा अर्थ होत नाही. एकाच शब्दाचे दोन उपयोग, आणि दोन्ही बाजूंनी शेकडो पाने लिहिली गेली.

कॅथलिक बाजूचा एक मुद्दा तर आपल्या घरातला वाटावा असा आहे. क्रूसावरून येशूने आपल्या आईला एका शिष्याच्या हाती सोपवले. पोटचे इतर मुलगे असते तर आईला दुसऱ्याच्या घरी कोण पाठवेल?

आणखी एक गोष्ट लक्षात घ्या. हा वाद नुसता कॅथलिक विरुद्ध प्रोटेस्टंट असा नाही. प्रोटेस्टंट चळवळ सुरू करणारा मार्टिन लूथर स्वतः मरियेला आजन्म कुमारीच मानत असे. स्टीफन्स यांच्या इंग्लंडमध्ये भांडण मुख्यतः तिच्या मूर्ती आणि तिच्याकडे केलेल्या प्रार्थना यांवरून होते. भावांबद्दलचे मत प्रोटेस्टंट पंथांमध्ये पुढे हळूहळू बदलत गेले.

आपल्या जिल्ह्यांत

चंद्रपूर-गडचिरोलीत दोन्ही परंपरा आहेत. जुन्या चांद्यात स्कॉटलंडच्या एपिस्कोपल चर्चचे मिशन होते. १९६२ पासून केरळच्या सिरो-मलबार कॅथलिक चर्चचे काम चांदा या नावानेच बल्लारपूर परिसरातून चालू झाले. त्यामुळे शेजारशेजारच्या बाकांवर दोन उत्तरे बसलेली असू शकतात.

आणि भाऊ हा शब्द? आपल्या विदर्भात मोठ्या बाबांचा मुलगा भाऊ, मावशीचा मुलगा भाऊ, आणि दुकानदारही भाऊच. पण माडिया-गोंड घरातल्या मुलाला विचारा. चुलतभाऊ हा त्याचा भाऊच, मात्र मामाच्या किंवा आत्याच्या घराशी सोयरीक जुळू शकते, म्हणून ते नाते वेगळे मोजले जाते. कोणाला भाऊ म्हणायचे हे समाज ठरवतो. दोन हजार वर्षांपूर्वीच्या गालीलात ते कसे ठरत होते, हाच तर खरा वाद आहे.

म्हणून वर्गात हा प्रश्न आला तर निकाल देऊ नये. सख्खे, सावत्र, मावस अशी तीन उत्तरे फळ्यावर लिहावीत, कोणता पंथ काय मानतो ते सांगावे आणि मुलांना आपापल्या घरातली नाती मांडायला लावावीत. कोणत्याही मुलाला घरी जाऊन आईबाबा चुकीचे आहेत असे म्हणावे लागू नये.

अखेर आणि वारसा

फादर स्टीफन्स १६१९ मध्ये गोव्यात वारले. त्यांची कोकणी प्रश्नोत्तरी १६२२ मध्ये आणि कोकणीचे पहिले छापील व्याकरण १६४० मध्ये प्रसिद्ध झाले. क्रिस्तपुराण १६४९ आणि १६५४ मध्ये पुन्हा छापले गेले. पण १६८४ मध्ये पोर्तुगीज सरकारने स्थानिक भाषा मोडून काढण्याचा हुकूम काढला. त्या तिन्ही आवृत्त्यांची एकही प्रत आज उरलेली नाही. ग्रंथ वाचला तो हस्तलिखितांमुळे. मंगळूरकडच्या ख्रिस्ती घरांनी ती जपली, आणि त्यांवरून १९०७ मध्ये मंगळूरला नवी आवृत्ती निघाली. एक देवनागरी हस्तलिखित लंडनच्या मार्सडेन संग्रहात सापडले.

सरकारने बंद केलेली भाषा घरांनी सांभाळली, म्हणून त्या ओव्या आपल्या फळ्यापर्यंत पोहोचल्या. येत्या भाषा दिनाला ओव्यांसोबत ही हकीकतही मुलांना सांगा.