कारखान्यातील कारभारी : जॉर्ज कॅडबरी

नाताळचा कार्यक्रम संपला की शब्बाथ शाळेतील मुलांच्या हातावर आम्ही चॉकलेट ठेवतो. त्याच्या वेष्टनावर पुष्कळदा कॅडबरी हे नाव असते. हे एका ख्रिस्ती कुटुंबाचे नाव आहे, हे मुलांना माहीत नसते आणि शिक्षकांनाही क्वचितच माहीत असते. ही कंपनी १९४८ साली भारतात आली व २०१० साली एका अमेरिकन कंपनीने ती विकत घेतली. आज त्या नावाचा त्या कुटुंबाशी मालकीचा संबंध उरलेला नाही. पण ज्या गृहस्थाने ती नावारूपाला आणली, त्याचे चरित्र कंपनीत व कचेरीत नोकरी करणाऱ्या आमच्या बंधुभगिनींनी अवश्य जाणून घ्यावे. त्यात अनुकरण करण्यासारखे पुष्कळ आहे, आणि सावध होण्यासारखेही एक प्रकरण आहे.

जॉर्ज कॅडबरी यांचा जन्म १९ सप्टेंबर १८३९ रोजी इंग्लंडातील बर्मिंगहॅम येथे झाला. त्यांचे वडील जॉन यांनी १८२४ साली त्या शहरात चहा, कॉफी व कोको यांचे दुकान घातले होते. हे घराणे क्वेकर पंथाचे. त्यांच्या उपासनेत पगारी पाळक नसे. जमलेली मंडळी स्तब्ध बसून आत्म्याच्या प्रेरणेची वाट पाहत असे. युद्ध आणि गुलामगिरी यांना या पंथाचा जुना विरोध होता. होशंगाबाद (आताचे नर्मदापुरम) व इटारसी या बाजूस याच पंथाच्या मिशनने काम केले आहे, तेव्हा मध्य प्रदेशातील आमच्या वाचकांना हे नाव अगदीच परके वाटू नये. १८७१ पर्यंत ऑक्सफर्ड व केंब्रिज येथील विद्यापीठांची दारे अशा लोकांना पूर्णपणे खुली नव्हती. त्यामुळे पुष्कळ क्वेकर घराणी व्यापारात शिरली व तेथे आपला विश्वास जपू लागली.

१८६१ साली वडिलांनी धंदा आपल्या दोन मुलांच्या स्वाधीन केला. त्या वेळी रिचर्ड पंचवीस वर्षांचे व जॉर्ज एकवीस वर्षांचे होते. धंदा बुडत चालला होता आणि कामगार जेमतेम दहा-बारा उरले होते. आईच्या मागे मिळालेले प्रत्येकी ४,००० पौंड दोघा भावांनी त्यात घातले. पहिली काही वर्षे तोटाच झाला. जॉर्ज यांनी स्वतःचा खर्च अगदी तुटपुंजा ठेवला आणि सकाळपासून रात्रीपर्यंत काम केले. १८६४ मध्ये प्रथम थोडा नफा दिसला.

त्या काळी कोकोत बटाट्याचे पीठ, साबुदाणा असे पदार्थ सर्रास मिसळले जात. कॅडबरींचा मालही त्याला अपवाद नव्हता. १८६६ साली या भावांनी हॉलंडहून नवे यंत्र आणले, कोकोतील जादा चरबी काढून टाकली आणि निर्भेळ कोको बाजारात आणला. लोकांना तो आवडला, आणि बुडता धंदा तरला. भेसळ न करताही धंदा चालतो हे गिऱ्हाइकांच्या डोळ्यांसमोर सिद्ध झाले.

पुढे १८७९ मध्ये त्यांनी शहराच्या धुरातून व दाटीतून कारखाना उचलून सुमारे चार मैल दूर मोकळ्या रानात नेला व त्या जागेला बोर्नव्हिल हे नाव दिले. तेथे कामगारांसाठी खेळाची मैदाने व बागा केल्या. शनिवारी अर्ध्या दिवसाची सुटी देण्यात हा कारखाना पुढे होता. दिवसाच्या आरंभी कामगार एकत्र जमत, शास्त्रवाचन व प्रार्थना होई आणि मग काम सुरू होई. १८९५ पासून जॉर्ज यांनी जवळच घरे बांधण्यास आरंभ केला. प्रत्येक घराला बाग होती, आणि वस्तीत दारूचा गुत्ता नव्हता. १९०० साली तीनशेहून अधिक घरे व तीनशे एकरांहून अधिक जमीन त्यांनी एका विश्वस्त मंडळाच्या हवाली केली आणि तिच्यावरील आपली मालकी सोडून दिली. या व्यवस्थेत दोषही होते. लग्न झालेल्या स्त्रीला कारखान्यात काम मिळत नसे, आणि मालक हा बापासारखा सर्व काही ठरवीत असे. तरी त्या काळच्या गिरण्यांकडे पाहिले म्हणजे या कामाचे मोल कळते.

जॉर्ज यांच्या जीवनातील आणखी एक गोष्ट शब्बाथ शाळेच्या शिक्षकांनी ध्यानात ठेवावी. विशीत असताना ते गरीब प्रौढ कामगारांच्या वर्गाला शिकवू लागले. दर रविवारी भल्या पहाटे उठून ते त्या वर्गाला जात. अक्षरओळख नसलेली माणसे तेथे शास्त्र वाचण्यास व लिहिण्यास शिकत. कारखाना केवढाही वाढला तरी त्यांनी हा वर्ग सोडला नाही. ही सेवा सुमारे पन्नास वर्षे चालली. आम्हांला ऑफिसच्या कामामुळे रविवारी वेळ मिळत नाही, असे म्हणताना या माणसाची आठवण व्हावी.

आता ते दुःखद प्रकरण. कंपनीच्या कोकोपैकी मोठा भाग आफ्रिकेच्या पश्चिमेस असलेल्या साओ टोमे या पोर्तुगीज बेटावरून येत असे. तेथील मळ्यांत राबणारी माणसे अंगोलाहून आणली जात. कागदावर ते पाच वर्षांच्या कराराचे मजूर होते, पण परत घरी गेलेला मजूर जवळजवळ कोणी नव्हता. ती गुलामगिरीच होती. १९०१ साली जॉर्ज यांचे पुतणे विल्यम यांच्या कानावर हे आले. विक्रीस निघालेल्या एका मळ्याच्या जाहिरातीत तर गुराढोरांबरोबर मजुरांचीही किंमत लावलेली होती.

कंपनीने गोष्ट दडपली नाही, पण ती तातडीनेही हाती घेतली नाही. १९०३ मध्ये विल्यम लिस्बनला जाऊन आले. १९०५ मध्ये चौकशीसाठी जोसेफ बर्ट यांना पाठवण्यात आले, ते १९०७ मध्ये परतले. १९०८ मध्ये विल्यम स्वतः आफ्रिकेत गेले. आपण खरेदी थांबवली तर पोर्तुगीज सरकारवरील आपले वजन जाईल, असा कंपनीचा युक्तिवाद होता, आणि इंग्लंडचे परराष्ट्र खातेही धीर धरण्यास सांगत होते. शेवटी मार्च १९०९ मध्ये खरेदी बंद झाली व पुढे कोको गोल्ड कोस्टहून, म्हणजे आजच्या घानातून, येऊ लागला. दरम्यान आठ वर्षे गेली होती, आणि त्या आठ वर्षांत बोर्नव्हिलची प्रार्थना एक दिवसही चुकली नसेल.

याच काळात जॉर्ज यांच्या मालकीचे डेली न्यूज हे वर्तमानपत्र दक्षिण आफ्रिकेच्या खाणींतील चिनी मजुरांच्या हालांवर टीका करीत होते. हा विरोधाभास हेरून स्टँडर्ड या पत्राने कंपनीवर जळजळीत लेख लिहिला. कंपनीने अब्रुनुकसानीचा दावा लावला. डिसेंबर १९०९ मध्ये बर्मिंगहॅमच्या ज्यूरीने कौल कंपनीच्या बाजूने दिला, पण भरपाई दिली एक फार्दिंग, म्हणजे एका पेनीचा चौथा भाग. आपल्याकडील दमडीसारखीच ती रक्कम. खटला जिंकला, परंतु त्या फार्दिंगने काय सांगितले ते सर्वांना समजले.

जॉर्ज कॅडबरी ढोंगी होते काय? आम्हांस तसे वाटत नाही. जो माणूस डोळ्यांसमोर होता, त्याच्याशी ते न्यायाने व प्रीतीने वागले. जो माणूस दूर होता व ज्याचे नाव फक्त खरेदीच्या वहीतील एका आकड्यामागे दडले होते, त्याच्यासाठी त्यांना उशीर झाला. आजच्या कंपनीतील मोह बहुधा असाच येतो. कोणी आम्हांला येशूला नाकारा असे सांगत नाही. वरिष्ठ सांगतात की एवढ्या बिलावर सही करा, हा आकडा थोडा फुगवा, हा ठेकेदार मजुरांना काय देतो ते विचारू नका. आम्हीही म्हणतो, चौकशी चालू आहे, पुढच्या महिन्यात पाहू. तेवढ्यात वर्षे निघून जातात.

जक्कयाच्या घरी प्रभू आला तेव्हा त्याने हिशोबाची वही त्याच दिवशी उघडली. जॉर्ज कॅडबरी यांनी रविवार देवाला दिला, सकाळ दिली, संपत्ती दिली, आणि अखेरीस खरेदीची वहीसुद्धा दिली. २४ ऑक्टोबर १९२२ रोजी ते प्रभूमध्ये निजले. त्यांची सेवा पाहून आम्ही देवाचे आभार मानावेत आणि त्यांचा उशीर पाहून स्वतःला तपासावे. सोमवारी कामाच्या टेबलाशी बसताना प्रत्येकाने क्षणभर डोळे मिटून विचारावे की, माझ्या सहीने आज कोणाचा घास जाणार आहे काय? उत्तर होय असेल, तर त्यासाठी आठ वर्षे थांबू नये.